विहीर आणि बोअरचे पुनर्भरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुनर्भरण म्हणजे पावसाचे पाणी विहिरीतून किंवा बोअरमधून जमिनीत परत मुरवणे. ही उत्तरे मुख्यतः बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या भागासाठी आहेत. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग याच खडकावर वसलेला आहे. गाळाच्या जमिनीत आणि कोकण-गोव्याच्या जांभ्यात (लाल, सच्छिद्र दगडात) गणित बदलते. तो फरक त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

भूजल खरोखर घटते आहे, की पाऊस कमी पडल्यामुळे तसे वाटते?

घटते आहे, पण सगळीकडे सारखे नाही. जगात जमिनीखालून जितके पाणी उपसले जाते त्यातले साधारण एक चतुर्थांश एकटा भारत उपसतो. अमेरिका आणि चीन मिळूनही इतका उपसा करत नाहीत. २००२ साली अवकाशात सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल टिपले. त्यावरून राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यात ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाल्याचे दिसले. उजनी धरण काठोकाठ तीसहून अधिक वेळा भरेल इतके हे पाणी आहे, आणि त्या काळात तिकडे मोठा दुष्काळही नव्हता. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात १९२५ ते १९७७ दरम्यान उपशामुळे जमीनच सुमारे २८ फूट खचली.

आपल्याकडे जमीन अशी खचणार नाही, कारण खाली कठीण कातळ आहे. मात्र त्याच कातळामुळे आपला साठाही तुटपुंजा आहे. पंजाबात शेकडो फूट जाडीच्या गाळात जुनी शिल्लक तरी आहे. आपण बहुतांशी दर पावसाळ्यात भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात संपणाऱ्या खात्यावर जगतो. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले ते यामुळेच. धरण आटले तेव्हा बोअरनेही हात टेकले होते.

आमची विहीर एका मोठ्या पावसात काठाला येते आणि जानेवारीत तळ दिसतो. गळते आहे का?

विहीर फुटकी नाही, खडकाची धारणाच कमी आहे. विहीर खणताना लागणारे थर आठवा: वर माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा मऊ खडक), मधेच एखादा लाल गेरूचा पट्टा आणि मग काळा पाषाण. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या फटींत. अशा खडकातून उपसता येण्याजोगे पाणी त्याच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्केच असते.

२ टक्के धरून हिशोब करू. एक हेक्टर क्षेत्रातली पातळी १ मीटरने वाढली तर हाती आलेले पाणी २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर. वाळूमिश्रित गाळाच्या जमिनीत हेच १६ लाख लिटरपर्यंत जाते. त्यामुळे आपल्याकडे थोड्या पाण्यात पातळी झटकन चढते आणि थोड्या उपशात झटकन उतरते. शिवाय हे पाणी उताराने नाल्याकडे, नदीकडे आपोआप पाझरत राहते. तुम्ही एक थेंब उपसला नाही तरी त्यातले काही जाणारच.

बोअरवाल्याने 'दोन इंच पाणी लागले' असे सांगितले. म्हणजे किती?

बोअरच्या तोंडाशी व्ही आकाराची, ९० अंशांची खाच कापलेला पत्रा लावतात आणि त्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची इंचात मोजतात. नेमके इथे बहुतेकांची फसगत होते, कारण उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून जास्त होते. १ इंच म्हणजे ताशी सुमारे ५०० लिटर, २ इंच म्हणजे सुमारे २,९०० लिटर, ३ इंच म्हणजे जवळजवळ ८,००० लिटर. पत्रा न लावता नजरेने सांगितलेल्या इंचाला काही अर्थ नाही.

घरी तपासायचे असेल तर मोटर चालू करून एक तास पाणी सोडून द्या, मग २०० लिटरचे पिंप भरायला लागणारा वेळ मोजा. सव्वाचार मिनिटे लागली तर ते खरे दोन इंच. ही चाचणी एप्रिल-मेमध्ये करा. सप्टेंबरचा आकडा पाहून मोटर आणि बाग ठरवणारे लोक मार्चमध्ये टँकर शोधत फिरतात.

बोअर आणखी २०० फूट खाली नेले तर पाणी लागेल ना?

लागू शकते, पण खोलीनुसार शक्यता वाढत नाही, बहुधा घटतेच. खाली फटी विरळ होतात आणि वरच्या दगडाच्या वजनाने मिटत जातात. ५००-६०० फुटांवर एखादी फट भेटली तर आरंभी पाणी जोरात येते. ते त्या फटीत वर्षानुवर्षे साठलेले असते, आणि तिला वरून भरणारा मार्ग अरुंद असेल तर दोन-तीन हंगामांत ती रिकामी होते. त्यानंतर उडतो तो नुसता फुफाटा.

दुसरा परिणाम शेजाऱ्याला भोगावा लागतो. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, फक्त मुरमापुरते असते. त्याखालचे बोअर उघडे असल्याने वरच्या थरातले पाणी त्यातूनच खाली निथळते, आणि आजूबाजूच्या ४०-५० फुटी विहिरी कोरड्या पडतात. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत ते यासाठीच. ६० मीटर म्हणजे जेमतेम २०० फूट. गावोगाव काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पाणाड्याने (जमिनीखालचे पाणी शोधून देणाऱ्याने) तळहातावर नारळ उभा राहिल्याची जागा दाखवली. तिथे बोअर मारावे का?

नारळ आणि उंबराची फांदी यांना खडकातली फट कळते असे कोणत्याही नीट बेतलेल्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. पाणाड्याचे अंदाज कधी कधी बरोबर येतात, कारण अनुभवी पाणाडी नकळत उतार, झाडे, जुन्या विहिरी पाहतो आणि मुरमाच्या भागात कुठेही खणले तरी थोडेफार पाणी लागतेच. विद्युत रोधकता सर्वेक्षणात जमिनीत चार खुंट्या ठोकून प्रवाह सोडतात आणि ओलसर, झिजलेला थर किती खोल आहे याचा अंदाज घेतात. तेही पाण्याची हमी देत नाही. किती इंच लागेल हे छातीठोकपणे सांगणारा यंत्रवाला आणि नारळवाला, दोघेही सारखेच.

छतावरून किती पाणी मिळेल?

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. एवढे पाठ असले की पुरे. १,००० चौरस फुटांचे छत म्हणजे ९३ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पावसाच्या गावात त्यावर ६५,००० लिटर पडतात. बाष्पीभवन, गळती आणि सुरुवातीला सोडून द्यायचे पाणी वजा जाता ५२,००० लिटर धरा. पाच माणसांच्या घराला माणशी रोज ५५ लिटरने हे सहा महिने पुरते.

आता दुसरी बाजू. पाटाने पाणी दिलेल्या एक एकर उसाला २,००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ८० लाख लिटर लागतात. तुमच्या छताचे वर्षाचे पाणी त्याच्या दीडशेव्या हिश्शाएवढे. छताचे पुनर्भरण पिण्याच्या पाण्यासाठी जरूर करा. त्यावर शेती उभी राहील असे कुणी सांगत असेल तर ते 'पी हळद आणि हो गोरी' या जातीचे आहे.

शेतातले पाणी विहिरीत सोडायचे तर रचना कशी करावी?

विहिरीपासून ३ मीटर तरी दूर, उताराच्या वरच्या बाजूला दोन टाक्या बांधायच्या.

पहिली गाळाची टाकी : १.५ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल. ओहळाचे पाणी आधी इथे येते, मंदावते आणि जड माती खाली बसते. इथून ६ इंची पाइप तळापासून ७० सेंटिमीटर उंचीवर काढा. तळाशी काढला तर गाळच पुढे जातो, आणि ही चूक आम्ही सर्वांत जास्त पाहिली आहे.

दुसरी गाळणीची टाकी : २ मीटर लांब, २ मीटर रुंद, १.५ मीटर खोल. तळाशी ३० सेंटिमीटर मोठे दगड, त्यावर ३० सेंटिमीटर २० ते ४० मिलिमीटरची खडी, त्यावर नायलॉनची जाळी आणि सर्वांत वर ३० सेंटिमीटर जाड वाळू. वर ६० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. प्रत्येक थराला १.२ घनमीटर, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा (ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडा कमीच माल लागतो. नदीची वाळू मिळत नसेल तर क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते, पण आधी ती पाण्याने इतकी धुवा की वरचे पाणी पांढुरके दिसायचे थांबेल. न धुतलेल्या क्रश सँडची पूड दोन पावसांत सिमेंटसारखी बसते. विटांचे तुकडे घालू नका, कच्ची वीट विरघळते.

तळाच्या दगडांतून ६ इंची पाइप विहिरीत न्या. पाइपचे तोंड विहिरीच्या भिंतीपासून दीड-दोन फूट आत आणि खाली वळलेले हवे. नाही तर पडणारे पाणी भिंतीवर आपटून मुरूम खचवते.

दोन्ही टाक्यांना सांडवा ठेवा. त्याचा हिशोब असा : ४ चौरस मीटर वाळूतून ताशी जास्तीत जास्त २० हजार लिटर पाणी नीट गाळले जाते. एक एकरावर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि निम्मा वाहिला तर ५० हजार लिटर येतात. उरलेले ३० हजार लिटर नाल्याला जाऊ द्या. सगळेच पाणी विहिरीत घालायच्या हट्टापायी लोक वाळू काढून टाकतात आणि मग विहिरीत गाळ भरतो.

गाळणी न करता ओहळ थेट विहिरीत वळवला तर? पाणी तर जास्त जाईल.

पहिल्या वर्षी जाईल. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की ते विहिरीच्या उपळांवर (झऱ्यांच्या तोंडांवर) लेप चढवतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी विहीर भरलेली दिसते, पण उपसल्यावर झरे पूर्वीसारखे फुटत नाहीत. मग गाळ काढायला क्रेन आणि मजूर लावावे लागतात, आणि भिंतीच्या फटींत घुसलेला गाळ त्यानेही निघत नाही. शिवाय फवारणीची औषधे आणि खते याच पाण्यातून आत जातात.

गाळणीची देखभाल किती करावी लागते?

मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत, वाळूचा वरचा ५ ते ७ सेंटिमीटर थर खरवडून काढा, धुऊन पुन्हा पसरा. गाळाची टाकी रिकामी करा. पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर एक नजर टाका. पाऊस थांबून सहा तास झाले तरी वाळूवर पाणी तुंबलेले असेल तर वरचा थर भरला असे समजा. तीन वर्षांनी सगळे थर बाहेर काढून धुवा. अनुदानातून बांधलेल्या कित्येक गाळण्यांत दुसऱ्या वर्षी गाजरगवत उगवलेले दिसते. बांधकामाचा फोटो काढला जातो, वाळू धुतल्याचा कुणी काढत नाही.

बोअरचे पुनर्भरण कसे करायचे?

आधी बोअर पाणी घेते का ते तपासा. ५,००० लिटरचा टँकर सावकाश ओता आणि पातळी उतरायला किती वेळ लागतो ते पाहा. तास-दोन तासांत पाणी मूळ पातळीजवळ आले तर पुढे जा. काठापर्यंत भरून तसेच उभे राहिले तर त्या बोअरला फट नाही. त्यावर खर्च करू नका.

नेहमीची पद्धत अशी. मोटर आणि केबल वर काढून घ्या. केसिंगभोवती ६ फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. खड्ड्यात उघड्या पडलेल्या केसिंगच्या खालच्या दोन फुटांत ४ ते ५ मिलिमीटरची भोके ३-४ सेंटिमीटर अंतराने पाडा आणि त्यावर नायलॉनची बारीक जाळी दोन वेढे गुंडाळून नायलॉन दोरीने बांधा. काथ्या कुजतो. मग खालून वर दगड, खडी, बारीक खडी आणि वाळू असे थर भरा. केसिंग जमिनीच्या वर दोन फूट ठेवून झाकण घट्ट बसवा.

छताचे पाणी असेल तर भोके पाडूच नका असे आमचे मत आहे. ते बाहेरच्या छोट्या गाळणीतून गाळून ४ इंची पाइपने केसिंगच्या वरच्या तोंडातून सोडता येते. काही बिघडले तर झडप बंद केली की झाले. केसिंगला पाडलेली भोके बुजवता येत नाहीत. दोन्ही पद्धतींत शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक १५ मीटरच्या आत नको, आणि पहिल्या पावसाचे २ मिलिमीटर पाणी, म्हणजे १,००० चौरस फुटांच्या छतामागे साधारण २०० लिटर, बाहेर सोडून द्या. त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते.

पुनर्भरण केलेल्या विहिरीचे पाणी प्यावे का?

तपासल्याशिवाय नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत खोल बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आढळते. तिथे पावसाचे पाणी आत सोडल्याने ते थोडे विरळ होते, पण नाहीसे होत नाही. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात छताचे पाणी जमिनीत मुरवण्यापेक्षा टाकीत साठवलेले बरे. खाली गेले की ते खारट पाण्यात मिसळते.

जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर. विहिरीतले पाणी मोजा : व्यास × व्यास × ०.७८५ × पाण्याची खोली, सगळे मीटरमध्ये. ६ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी म्हणजे सुमारे ८५ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅमने ४२५ ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवून, चुन्याचा साका बसू देऊन, वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडा. अर्ध्या तासाने मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम दिसला पाहिजे. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निकामी असते.

प्लास्टिक अंथरलेले शेततळे विहिरीच्या पाण्याने भरून ठेवावे का?

पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलेत तर उत्तम. विहिरीतून उपसून भरणे म्हणजे सावलीतले पाणी उन्हात आणून ठेवणे. ३० × ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात, १:१ उतार धरून, साधारण २२ लाख लिटर मावतात. उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर वाफ धरली तर रोज ९,००० लिटर, शंभर दिवसांत ९ लाख लिटरपर्यंत उडून जाते. शिवाय ज्याची मोटर मोठी त्याचे तळे आधी भरते. वाटणीचे पाणी खासगी होण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

नाला खोलीकरण हवे की नको?

खाली काय आहे त्यावर ठरते. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल करून बंधारे घातले, आणि तिथल्या जाड गाळाच्या थराला ते मानवले. तेच खोदकामाचे यंत्र सोलापूर-धाराशिवच्या पातळ मुरमात घुसवले की मुरूम संपतो आणि नाला कातळावर येतो. मग आजूबाजूच्या शेतातले पाणी उलट नाल्यात निथळते, कारण नाल्याचा तळ आता विहिरींच्या पातळीखाली गेलेला असतो. गाळ काढा, मुरमाला हात लावू नका, आणि माथ्यावरचे चर, बांध झाल्याशिवाय पायथ्याला यंत्र आणू नका.

ठिबक बसवले की प्रश्न सुटतो ना?

एकराचा सुटतो, शिवाराचा बहुतेकदा नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी अर्धा एकर ऊस किंवा डाळिंब लागते आणि एकूण उपसा तेवढाच राहतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने, पोपटराव पवारांच्या पुढाकाराने, बांधबंदिस्तीइतकेच दुसरे काम नेटाने केले : सिंचनासाठी बोअर बंद, ऊस आणि केळी बंद, आणि पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. पाऊस कमी झाला की पिके बदलतात. बंधारे बांधायला निधी मिळतो, उपसा रोखायला मात्र शेजाऱ्याशी बोलावे लागते. बहुतेक गावांचे घोडे तिथेच अडते.

आमच्या गावात मोजणी सुरू करायची आहे. काय लागते?

एक पर्जन्यमापक, एक मोजपट्टी, वजन बांधलेली दोरी आणि वही. पर्जन्यमापक झाडापासून, घरापासून दूर, उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. माथ्यावरची, मधली आणि पायथ्याची अशा पाच-सहा विहिरी निवडा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना पातळ्या घेते. तुम्हीही त्याच वेळा धरा म्हणजे तुलना करता येईल. पहाटे मोटर सुरू होण्याआधी मोजा. दरवेळी काठावरची तीच खूण वापरा, तिथे रंगाचा ठिपका द्या. ऑक्टोबर आणि मे यांच्या पातळीतला फरक हा तुमचा उपसा आणि पाझर मिळून झालेला खर्च. पुढच्या ऑक्टोबरला पातळी मागच्या खुणेला पोचली नाही तर तितकी तूट पडली.

कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे पुनर्भरण करायचे?

जांभा पाणी पटकन पितो आणि पटकन सोडतो. नोव्हेंबरपर्यंत विहिरी तुडुंब असतात, त्यात आणखी पाणी घालायला जागाच नसते. तिथे पाणी उशिरा अडवावे लागते. पाऊस ओसरल्यावर वाहत्या ओहोळांवर वनराई बंधारे (माती-वाळू भरलेल्या पोत्यांचे तात्पुरते बांध) घाला आणि पिण्यापुरते पाणी टाकीत साठवा. किनाऱ्यालगत उपसा जास्त झाला तर खारे पाणी आत सरकते, आणि एकदा सरकलेले मागे न्यायला अनेक पावसाळे लागतात.

कोरडे गेलेले बोअर तसेच सोडले तर चालेल?

नाही. लहान मुले अशाच बोअरमध्ये पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली घालून दिलेल्या सूचनांनुसार निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे किंवा बोअरमधून निघालेल्या चुऱ्याने भरून बंद करायचे असते. वरून पोते कोंबून चालत नाही, ते कुजून खाली जाते. चालू बोअरभोवती ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा सिमेंटचा ओटा, निम्मा जमिनीत आणि निम्मा वर. मोटर दुरुस्तीला काढली असेल तर त्या रात्रीपुरतेही तोंड उघडे ठेवू नका, झाकण नटबोल्टने आवळा.